रॉजर टॉनी : स्वतःचे गुलाम मुक्त करणारा आणि गुलामीला घटनेचा आधार देणारा न्यायाधीश

४ मार्च १८६१ रोजी अब्राहम लिंकन यांना राष्ट्राध्यक्षपदाची शपथ देणारे सरन्यायाधीश चौऱ्याऐंशी वर्षांचे होत आले होते. याच न्यायाधीशाच्या चार वर्षांपूर्वीच्या निकालाविरुद्ध बोलत लिंकन देशभर पोहोचले होते. त्यांचे नाव रॉजर ब्रूक टॉनी. इंग्रजी स्पेलिंग पाहून अनेक जण टेनी वाचतात, पण उच्चार टॉनी असाच आहे.

लिंकन आपल्याला पाठ्यपुस्तकातून माहीत असतात, टॉनी नसतात. आम्हाला मात्र टॉनी वाचणे जास्त गरजेचे वाटते. कारण हा माणूस चाबूक घेऊन फिरणारा मळेवाला नव्हता. तो सभ्य, धार्मिक, कुटुंबवत्सल आणि कायद्याचा गाढा अभ्यासक होता.

त्यांचा जन्म १७ मार्च १७७७ चा, मेरीलँड राज्यातील कॅल्व्हर्ट काउंटीत. घर कॅथलिक, तंबाखूचा मळा आणि राबायला गुलाम. जमीन थोरल्या मुलाकडे जाणार हे ठरलेले, म्हणून धाकट्या रॉजरला शिकवायचे ठरले. पेनसिल्व्हेनियातील डिकिन्सन कॉलेजमधून १७९५ मध्ये पदवी, १७९९ मध्ये वकिलीची सनद आणि लगेच राज्याच्या विधिमंडळात प्रवेश. पुढे ते फ्रेडरिक या गावी स्थायिक झाले. पत्नी अ‍ॅन ही अमेरिकेचे राष्ट्रगीत लिहिणाऱ्या फ्रान्सिस स्कॉट की यांची बहीण.

याच फ्रेडरिकमध्ये त्यांनी वाट्याला आलेले गुलाम मुक्त केले. जे म्हातारे झाले होते, काम करून पोट भरू शकत नव्हते, त्यांना ते दरमहा पैसे देत राहिले. १८१९ मध्ये तर त्यांनी जेकब ग्रुबर या मेथडिस्ट धर्मोपदेशकाचे वकीलपत्र घेतले. ग्रुबर यांनी गोऱ्या-काळ्या श्रोत्यांपुढे गुलामीला पाप म्हटले होते आणि गुलामांना चिथावल्याचा खटला त्यांच्यावर भरला गेला होता. टॉनी यांनी कोर्टात गुलामी हा राष्ट्रावरचा डाग असल्याचे सांगितले. ग्रुबर निर्दोष सुटले. टॉनींचे चरित्र इथेच थांबले असते, तर आज त्यांचे नाव गुलामीच्या विरोधकांत घेतले गेले असते.

पण १८३१ मध्ये राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांनी त्यांना अ‍ॅटर्नी जनरल केले. दक्षिण कॅरोलिनात तेव्हा एक कायदा होता. बंदरात जहाज लागले की त्यावरच्या स्वतंत्र काळ्या खलाशांना जहाज निघेपर्यंत तुरुंगात डांबायचे. ब्रिटनने तक्रार केली आणि प्रश्न टॉनींकडे मतासाठी आला. त्यांनी १८३२ मध्ये लिहून दिले की राज्याला असा कायदा करता येतो. काळा माणूस स्वतंत्र असला तरी तो घटनेतला नागरिक नाही आणि त्याच्याकडे जे काही आहे ते गोऱ्यांच्या मेहेरबानीने आहे, हा त्या मताचा गाभा.

टॉनींच्या आयुष्यात विसंगती होती असे बरेच जण लिहितात : आधी उदार, नंतर कठोर. आम्हाला ते पटत नाही. गुलाम मुक्त करताना त्यांनी जे केले ती मेहेरबानी होती आणि पुढे त्यांनी जे नाकारले तो हक्क होता. मालकाने स्वातंत्र्य दिले तर चालते, गुलामाने कोर्टात मागितले तर चालत नाही. वस्त्यांमध्ये काम करताना असे सज्जन आम्हाला नेहमी भेटतात. घरकाम करणाऱ्या बाईच्या मुलीची फी ते आनंदाने भरतील, पण त्याच बाईने पगारी सुट्टी मागितली की त्यांचा आवाज बदलतो.

जॅक्सन यांच्या बँकविरोधी लढाईत टॉनी त्यांचा उजवा हात होते. त्यापायी सिनेटने त्यांना अर्थमंत्री म्हणून नाकारले, पण १८३६ मध्ये ते सरन्यायाधीश झाले आणि अठ्ठावीस वर्षे त्या खुर्चीवर राहिले.

आता ड्रेड स्कॉट. व्हर्जिनियात गुलामीत जन्मलेला हा माणूस जॉन इमर्सन या लष्करी डॉक्टरच्या मालकीचा होता. डॉक्टरची बदली होईल तिकडे तो जाई. इलिनॉय राज्यात आणि नंतर फोर्ट स्नेलिंग इथे तो राहिला. दोन्ही ठिकाणी गुलामीला बंदी होती. फोर्ट स्नेलिंगला त्याचे हॅरिएटशी लग्न झाले. पुढे सेंट लुईसला परतल्यावर, १८४६ मध्ये, दोघांनी स्वातंत्र्यासाठी दावे दाखल केले. मिसुरी राज्यात अशा दाव्यांत कोर्टाने पूर्वी अनेकांना मुक्त केले होते. स्कॉट १८५० मध्ये जिंकले, १८५२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात हरले आणि मग केंद्रीय न्यायालयात गेले. दोन मुलींना घेऊन हे जोडपे अकरा वर्षे लढले. इतिहासात नाव ड्रेडचे राहिले, हॅरिएटने स्वतःच्या नावाने दावा लावला होता हे मात्र फार थोड्यांना माहीत असते.

६ मार्च १८५७ रोजी टॉनींनी निकाल वाचला. नऊपैकी सात न्यायाधीश विरोधात गेले. त्या नऊ जणांत पाच जण गुलामी असलेल्या राज्यांतले होते. टॉनींनी म्हटले की आफ्रिकी वंशाचा माणूस, गुलाम असो की स्वतंत्र, घटनेनुसार अमेरिकेचा नागरिक होऊ शकत नाही, म्हणून तो केंद्रीय न्यायालयात दावाच लावू शकत नाही. शिवाय गुलाम ही मालमत्ता, आणि पाचवी घटनादुरुस्ती मालमत्तेला संरक्षण देते. त्यामुळे पश्चिमेकडच्या प्रदेशांत गुलामीला बंदी घालणारा १८२० चा काँग्रेसचा कायदाही रद्द.

टॉनींचा आधार होता इतिहास : घटनाकारांच्या काळात काळ्यांना कोणी माणसात धरत नव्हते, म्हणून आजही धरता येणार नाही. न्यायमूर्ती बेंजामिन कर्टिस यांनी विरोधी निकालपत्रात हा इतिहासच खोटा ठरवला. राष्ट्र उभे राहत असताना पाच राज्यांत स्वतंत्र काळे पुरुष मतदान करत होते. टॉनींना आजूबाजूला पाहिले असते तरी पुरे होते. १८६० च्या जनगणनेत त्यांच्या मेरीलँडमध्ये सुमारे ८७ हजार गुलाम होते आणि सुमारे ८४ हजार स्वतंत्र काळे लोक. एका निकालाने तेही परके झाले.

कोर्टात हरलेल्या स्कॉट कुटुंबाला मे १८५७ मध्ये टेलर ब्लो यांनी मुक्त केले. ड्रेडच्या पहिल्या मालकाचा हा मुलगा. म्हणजे शेवटी स्वातंत्र्य मिळाले तेही टॉनींना मान्य असलेल्या मार्गानेच, मालकाच्या सहीने. सव्वा वर्षाने ड्रेड क्षयाने गेला.

यादवी युद्ध सुरू झाल्यावर टॉनी एकदा नागरिकाच्या बाजूने ठाम उभे राहिले. मेरीलँडचा जॉन मेरीमन लष्कराने पकडला, तेव्हा त्याला कोर्टासमोर आणण्याचा हक्क लिंकनही काढून घेऊ शकत नाहीत, असे त्यांनी बजावले. कायदा म्हणून ते मत आजही आदराने वाचले जाते. मेरीमन गोरा होता आणि त्याच्यावर बंडखोरांना मदत केल्याचा आरोप होता.

१२ ऑक्टोबर १८६४ रोजी टॉनी वारले. त्याच दिवशी मेरीलँडमध्ये गुलामी संपवणाऱ्या नव्या राज्यघटनेवर मतदान सुरू झाले होते आणि ती घटना मंजूर झाली. त्यांच्या जागी आले सॅमन चेस, पळून आलेल्या गुलामांचे खटले लढवणारे वकील. त्यांच्या काळात, १ फेब्रुवारी १८६५ रोजी, जॉन रॉक या काळ्या वकिलाला सर्वोच्च न्यायालयात वकिलीची परवानगी मिळाली.

तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामी गेली. त्या लढ्यात उतरलेल्या अमेरिकनांनाच जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये गुलामगिरी अर्पण केली. १८६८ ची चौदावी दुरुस्ती थेट टॉनींना उत्तर होती : अमेरिकेत जन्मलेला आणि तिथल्या कायद्याखाली येणारा माणूस नागरिक, आणि राज्यात प्रत्येकाला कायद्याचे समान संरक्षण. समान संरक्षणाचे हे शब्द आपल्या संविधानाच्या अनुच्छेद १४ मध्ये तिथूनच आले आहेत. बाबासाहेबांच्या मसुद्यातील त्या ओळीमागे ड्रेड आणि हॅरिएट यांची अकरा वर्षेही आहेत, हे अभ्यासवर्गात सांगायला हवे.

१८६५ मध्ये टॉनींचा अर्धपुतळा बसवण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा सिनेटर चार्ल्स समनर यांनी तो हाणून पाडला. १८७४ मध्ये, चेस यांच्या निधनानंतर, दोघांचे पुतळे एकदमच मंजूर झाले. २०२२ च्या कायद्यानुसार टॉनींचा पुतळा अमेरिकेच्या संसद भवनातून २०२३ मध्ये हलवण्यात आला. त्या जागी थर्गुड मार्शल यांचा पुतळा बसवायचा आहे. सर्वोच्च न्यायालयातले ते पहिले काळे न्यायमूर्ती, आणि टॉनींसारखेच मेरीलँडचे.