पाण्याचा हिशोब ठेवणारा इंजिनिअर

15 सप्टेंबरला आपण इंजिनिअर्स डे करतो. फोटोला हार, पाहुण्यांचं भाषण, चहा, की झालं! फर्स्ट इयरला मीही तेवढंच केलं. पगडीवाल्या सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांची खरी ओळख पटली ती मागच्या मे महिन्यात, गावी गेल्यावर. आबांनी आमचं खालच्या अंगाचं रान दाखवलं. वर्षानुवर्षं उसाला पाटानं भरमसाट पाणी पाजून ते क्षारपड झालंय. पांढरं फटक! आणि तिकडं माणदेशात माणसं टँकरची वाट बघत होती. एकाच राज्यात हे दोन्ही कसं?

उत्तर शोधताना त्यांचं चरित्र वाचलं. जन्म कर्नाटकातल्या मुद्देनहळ्ळीचा. वडील लहानपणीच गेले. बंगळूरला शिकवण्या करत शिक्षण केलं आणि म्हैसूर सरकारच्या मदतीनं पोरगा पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये दाखल झाला. 1883 साली इंजिनिअरिंगच्या परीक्षेत पहिला नंबर! 1884 मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नोकरी लागली. नाशिक, खानदेश, पुणे अशी बरीच वर्षं त्यांनी आपल्याच मुलखात काढली. म्हणजे ते जेवढे म्हैसूरचे, तेवढेच आपले.

पुण्याजवळच्या खडकवासला तलावातलं जादा पाणी दर पावसाळ्यात सांडव्यावरून वाहून जायचं आणि उन्हाळ्यात टंचाई व्हायची. जुनी भिंत वाढवणं खर्चाचं आणि जोखमीचं. विश्वेश्वरय्यांनी सांडव्यावर स्वयंचलित दरवाजे बसवले. पाणी ठरावीक पातळीच्या वर गेलं की ते आपोआप उघडायचे, उतरलं की आपोआप मिटायचे. साल 1903. भिंतीला हात न लावता तलावाची पातळी सुमारे 8 फूट वाढली. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आपण दर पावसाळ्यात वाचतो, त्यामागचं तत्त्व याच जातीचं.

पण मला त्यांचं दुसरं काम मोठं वाटतं. नीरा कालव्यावर वरच्या अंगाचे शेतकरी उसाला हवं तेवढं पाणी घ्यायचे, शेवटच्या टोकाला काही पोचायचं नाही. त्यांनी ब्लॉक पद्धत आणली. पाणी जास्त गावांत वाटायचं, गटातल्या ठरावीक हिश्श्यातच ऊस, बाकीच्या रानात कमी पाण्याची पिकं आणि पिकांची फेरपालट. सुरुवातीला विरोध झाला. तरी ते हटले नाहीत. लोखंडी दरवाजा बसवणं सोपं, माणसाच्या सवयीला दरवाजा बसवणं अवघड!

पुढं 1908 मध्ये त्यांनी मुंबई सरकारची नोकरी सोडली. हैदराबादची पूरनियंत्रण योजना, कावेरीवरचं कृष्णराजसागर, 1912 ते 1918 म्हैसूरची दिवाणगिरी, 1955 चं भारतरत्न हे सगळं आपल्याला पाठ आहे. शंभरी ओलांडून 1962 मध्ये ते गेले.

त्याच सुमारास मध्य आशियात अरल समुद्र आटायला लागला होता. नावाला समुद्र, खरं तर जगातलं चौथ्या क्रमांकाचं सरोवर. त्याला मिळणाऱ्या अमू आणि सिर या दोन नद्यांचं पाणी कापसाच्या शेतीकडं वळवलं. 2007 पर्यंत त्याचं क्षेत्र जेमतेम दहाव्या हिश्श्यावर आलं. कोरड्या तळातली मिठाची धूळ उडून आसपासच्या शेतांत पडू लागली.

तलाव म्हणजे बँकेचं खातं बघा. नद्या आणि पाऊस भरणा करतात, ऊन आणि माणूस काढून घेतात. तापमान वाढतंय, तसा उन्हाचा हिस्साही वाढतोय आणि पाऊस बेभरवशाचा झालाय. उन्हाला आपण थांबवू शकत नाही. माणसाचा हिस्सा तेवढा आपल्या हातात आहे.

आपण वारणा खोऱ्यातली पोरं. चांदोलीचं पाणी आणि उसाचा पैसा यांच्यावरच आपल्यातल्या कित्येकांची फी भरली जाते. म्हणून ऊस बंद करा असं मी म्हणणार नाही, आबाच घरातून हाकलतील! पण सुट्टीत जाऊन दहा गुंठ्यांत ठिबक टाकायला मी त्यांना राजी केलंय. येत्या 15 सप्टेंबरला फोटोसमोर उभं राहताना निदान मान खाली जाणार नाही.