पंडिता रमाबाई : श्रद्धा आणि सत्कृत्ये

मनुष्याचे तारण श्रद्धेने होते की सत्कृत्यांनी, हा प्रश्न सोळाव्या शतकात ख्रिस्ती जगात अतिशय तीव्र झाला. संत पौलाची पत्रे एका बाजूला आणि संत याकोबाचे पत्र दुसऱ्या बाजूला ठेवून वाद झाले व ख्रिस्ती बांधव एकमेकांपासून दुरावले. आपल्या महाराष्ट्रातील एका थोर विदुषीच्या जीवनात या प्रश्नाचे उत्तर स्पष्टपणे पाहावयास मिळते. पंडिता रमाबाई कॅथलिक नव्हत्या. तरीही त्यांचे चरित्र आपणांस मननीय आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी गंगामूळ येथील अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाई यांना संस्कृत शिकविले आणि लक्ष्मीबाईंनी ती विद्या मुलीला दिली. हे कुटुंब तीर्थयात्रा करीत फिरे. व्रते, उपवास व दानधर्म यांत जवळची सर्व पुंजी संपली. पुढे दुष्काळात आईवडील व थोरली बहीण उपासमारीने गेली. पुण्यसंचयासाठी सर्वस्व वेचूनही मनाला शांती लाभली नाही, याची खंत रमाबाईंच्या मनात राहिली.

बंधू श्रीनिवास यांच्यासह पायी भारतभ्रमण करीत त्या १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांना पंडिता ही पदवी दिली. १८८० मध्ये बंधू निवर्तले. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी त्यांचा विवाह झाला; परंतु १८८२ मध्ये वैधव्य आले. कन्या मनोरमा तेव्हा तान्ही होती.

१८८३ मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या. लंडनच्या फुलहॅम भागात अँग्लिकन धर्मभगिनी समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांची मायेने सेवा करीत होत्या. ही सेवा कशातून येते, असा प्रश्न रमाबाईंना पडला. शोमरोनी स्त्रीची कथा वाचल्यावर त्यांना प्रभू येशूची ओळख पटली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांचा स्नानसंस्कार झाला. सत्कृत्यांच्या दर्शनातून त्या श्रद्धेकडे वळल्या होत्या.

१८८९ मध्ये त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन स्थापन केले व पुढील वर्षी ते पुण्यास नेले. लोकांत नाव झाले, तरी अंतःकरणात अस्वस्थता होती. १८९१ च्या सुमारास त्यांना जाणवले की आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण ख्रिस्ताला स्वतः भेटलो नाही. स्नानसंस्कार व सदाचरण यांच्या बळावर देवापुढे उभे राहण्याची आपली धडपड आहे, हे त्यांनी ओळखले. तारण ही देवाची देणगी आहे, हे मान्य करून त्यांनी स्वतःला त्याच्या कृपेवर सोपविले.

तारण विनामूल्य लाभते म्हणून त्यांनी सेवा थांबविली का? मुळीच नाही. १८९६–९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली व विधवा यांना घेऊन आल्या. केडगाव येथे मुक्ती सदन उभे राहिले. १९०० च्या सुमारास तेथे जवळजवळ दोन हजार जीव आश्रयास होते. विणकाम, छपाई, शेती यांचे शिक्षण मिळे. अंध स्त्रियांनाही शिकविले जाई. रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक भाषा शिकून पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर केले. १९२१ मध्ये मनोरमा वारली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईही प्रभूकडे गेल्या.

ट्रेंटच्या विश्वपरिषदेने १५४७ मध्ये हेच शिकविले की कृपा प्रथम येते; कृपेपूर्वीची कोणतीही कृती आपणांस नीतिमान ठरवू शकत नाही; मात्र जिवंत श्रद्धा प्रीतीने कार्य करते. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी आउग्सबुर्ग येथे कॅथलिक व ल्युथरन प्रतिनिधींनी या विषयावरील संयुक्त घोषणापत्रावर स्वाक्षऱ्या केल्या. जुन्या वादातील मोठा अडसर त्यामुळे दूर झाला.

अजिंठ्याच्या डोंगररांगेजवळच्या सोयगाव परिसरातील आपल्या शेतकरी बांधवांना हे सहज उमगेल. पाऊस विकत घेता येत नाही. तो वरून मिळतो. पण पाऊस पडला म्हणून कोणी पेरणी व निंदणी सोडून घरी बसत नाही. आपण मिस्सा, नोव्हेना व दान यांचा हिशेब देवापुढे मांडतो का? की श्रद्धा आहे असे म्हणून दारातल्या उपाशी माणसाकडे पाठ फिरवितो? रमाबाईंचे जीवन आपणांस या दोन्ही चुकांपासून सावध करते. प्रभूची कृपा आपल्या हातून सेवेच्या रूपाने प्रकट होवो, हीच प्रार्थना.