निसर्गाची शाळा

अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात एका शेतकरी कुटुंबात १८५४ साली ॲना बॉट्सफर्ड यांचा जन्म झाला. रानफुले व तारे यांची ओळख त्यांना आईने करून दिली. पुढे कॉर्नेल विद्यापीठातील कीटकशास्त्रज्ञ जॉन कॉमस्टॉक यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

१८९० नंतर शेतीवर मंदी आली व खेड्यांतील माणसे शहरांकडे जाऊ लागली. मुलांना शेतीची व निसर्गाची गोडी लागावी, म्हणून प्राथमिक शाळांत निसर्ग-अभ्यास सुरू करण्यात आला. परंतु शिक्षकांनाच तो विषय नवा होता. ॲनाबाईंनी त्यांच्यासाठी पाठ लिहिले. नुसती नावे घोकून घेऊ नयेत. मुलांना झाडाजवळ न्यावे, सुरवंट न्याहाळू द्यावा. आणि एखादे उत्तर ठाऊक नसेल, तर शिक्षकाने तसे मोकळ्या मनाने सांगून मुलांबरोबर ते शोधावे, अशी त्यांची शिकवण होती.

१८९९ साली त्यांना सहायक प्राध्यापकाचे पद मिळाले. परंतु स्त्रीला ते देण्यास विश्वस्तांनी हरकत घेतली. तेव्हा त्यांना अधिव्याख्याता म्हणून राहावे लागले. तरीही त्यांनी काम सोडले नाही. १९११ साली त्यांचा निसर्ग-अभ्यासावरील मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि १९१३ साली हिरावलेले पद त्यांना परत मिळाले. १९३० साली त्या निवर्तल्या. त्यांचा ग्रंथ मात्र त्यानंतरही शिक्षकांना मुलांसह शाळेबाहेर नेत राहिला.