ध्वनींचा शास्त्रकार : ओमानचे अल-खलील

अरबी काव्याचे छंदःशास्त्र आणि अरबी भाषेचा पहिला मोठा शब्दकोश, या दोन्हींचे श्रेय परंपरेने ज्या एका नावाला दिले जाते, ते अल-खलील इब्न अहमद अल-फराहिदी यांचे. त्यांचा जन्म इ.स. ७१८ च्या सुमारास ओमानात, अझ्द जमातीच्या फराहिद शाखेत झाला. बालपणीच ते बसऱ्यास गेले आणि आयुष्यभर तेथेच राहिले.

तो काळ अरबी भाषेच्या विस्ताराचा होता. इराणपासून इजिप्तपर्यंत परभाषक लोक अरबी शिकत होते. उच्चार बिघडत होते. लिपीत ऱ्हस्व स्वर लिहिले जात नसत. स्वरदर्शक खुणांची आज रूढ असलेली पद्धत अल-खलील यांनीच घडवली, असे मानले जाते.

प्रत्येक व्यंजनाआधी 'अ' लावून ते उच्चारायचे आणि त्याचे स्थान मुखात कोठे आहे हे पारखायचे, ही त्यांची रीत. त्यानुसार त्यांनी घशापासून ओठांकडे असा वर्णक्रम लावला. कंठ्यापासून ओष्ठ्यापर्यंत जाणारी आपली वर्णमाला आठवावी. हे साम्य भारतीय प्रभावाचे की स्वतंत्र, यावर विद्वानांत मतभेद आहेत. घशातून निघणाऱ्या 'ऐन' या वर्णाने सुरू होणारा म्हणून कोशाचे नाव 'किताब अल-ऐन' पडले. तो त्यांचा शिष्य अल-लैथ याने पूर्णत्वास नेला.

छंदांसाठी त्यांनी स्वरयुक्त व स्वरहीन वर्ण वेगळे केले. 'कतब' म्हणजे त्याने लिहिले. यात तीन लघू. 'यक्तुबु' म्हणजे तो लिहितो. येथे 'यक्' गुरू, पुढे दोन लघू. मापासाठी त्यांनी 'करणे' या अर्थाच्या 'फ-अ-ल' धातूची रूपे घेतली आणि पंधरा वृत्ते पाच वर्तुळांत बसवली. सोळावे पुढे अल-अख्फश यांनी जोडले, असे सांगतात. 'फऊलुन' चार वेळा म्हटले, की लघू-गुरू-गुरू असा आपला यगण चार वेळा येतो. मनाच्या श्लोकांचे भुजंगप्रयात ते हेच! माधव जूलियनांनी गझलेची जी वृत्ते मराठीत रुळवली, त्यांचे मूळही याच शास्त्रात आहे.

एवढा मोठा विद्वान राहिला मात्र झोपडीत. एका सुभेदाराने आश्रय देऊ केला, तेव्हा त्यांनी दूतापुढे कोरडी भाकर ठेवली आणि एवढी मिळते तोवर आश्रयाची गरज नाही असे सुचवले, अशी कथा आहे. चिंतनात गढलेले असताना मशिदीच्या खांबावर आदळून त्यांना मृत्यू आला, असेही सांगतात. मृत्यूचे वर्ष कोणी ७८६, तर कोणी ७९१ देतात.

अरबी व्याकरणाचा आद्य ग्रंथ लिहिणारे सीबवैह हे त्यांचे शिष्य. ते जन्माने इराणी होते. परक्याच्या जिभेवर आपली भाषा शुद्ध वसावी म्हणून झिजलेल्या गुरूला याहून मोठी दक्षिणा कोणती? पोटासाठी ओमानात आलेल्या आणि मुलांच्या मराठीची काळजी वाहणाऱ्या आपल्या घरांनी या भूमिपुत्राची ओळख करून घ्यावी, ती याचसाठी.