वालचंद हिराचंद दोशी

वालचंद हिराचंद दोशी (२३ नोव्हेंबर, इ.स. १८८२, सोलापूर – ८ एप्रिल, इ.स. १९५३, सिद्धपूर, गुजरात) हे भारतीय उद्योगपती होते. जहाजवाहतूक, विमाननिर्मिती आणि मोटारनिर्मिती या तिन्ही क्षेत्रांत भारतीय मालकीच्या उद्योगांचा पाया घालणाऱ्यांत त्यांची गणना होते. मुंबईतील कुर्ला येथील प्रीमियर ऑटोमोबाईल्स या मोटार कारखान्याचे ते संस्थापक होत.

प्रारंभिक जीवन

वालचंद यांचा जन्म सोलापुरात स्थायिक झालेल्या गुजराती दिगंबर जैन कुटुंबात झाला. वडील हिराचंद यांचा कापसाचा व्यापार व सावकारी होती. सोलापुरात शालेय शिक्षण घेऊन वालचंद १८९९ मध्ये मॅट्रिक झाले. पुढील शिक्षणासाठी ते मुंबई व पुण्यास गेले. परंतु पदवी पूर्ण न करताच घरच्या व्यवसायात परतले. त्यात त्यांचे मन रमले नाही. रेल्वेतील माजी कारकून लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत त्यांनी बार्शी लाइट रेल्वेच्या बांधकामाचा ठेका घेतला. ‘फाटक-वालचंद’ या संस्थेचा पुढे टाटा समूहाच्या बांधकाम कंपनीशी संयोग झाला. भोर घाटातील रेल्वे बोगदे आणि तानसाचे पाणी मुंबईस आणणारी जलवाहिनी ही या काळातील मोठी कामे होत. १९२६ मध्ये त्यांनी हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनी स्थापन केली.

जहाज, साखर आणि विमान

१९१९ मध्ये नरोत्तम मोरारजी आदींच्या सहकार्याने सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन झाली. तिचे ‘लॉयल्टी’ हे जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाले. या घटनेच्या स्मरणार्थ भारतात ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. नाशिक जिल्ह्यातील रावळगाव आणि पुणे जिल्ह्यातील वालचंदनगर येथे त्यांनी ऊसशेती व साखर कारखाने उभारले. डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या सहभागाने बंगळूर येथे हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी सुरू झाली. १९४२ मध्ये सरकारने वालचंद यांचे भाग विकत घेतले. विशाखापट्टणम येथील जहाजबांधणी कारखान्याची कोनशिला २१ जून १९४१ रोजी डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते बसवण्यात आली.

मोटार कारखान्याची योजना

त्या काळात हिंदुस्थानात संपूर्ण मोटार तयार करणारा एकही कारखाना नव्हता. जनरल मोटर्सने १९२८ पासून मुंबईत शिवडी येथे आयात सुट्या भागांची जुळणी सुरू केली होती. फोर्डचेही येथे जुळणी कारखाने होते. वार्षिक विक्रीत फोर्डला मागे टाकून जनरल मोटर्स जगात पहिल्या क्रमांकावर पोहोचली होती आणि अमेरिकेत क्रायस्लर दुसऱ्या स्थानासाठी फोर्डशी स्पर्धा करत होती. १९४० मध्ये एकट्या अमेरिकेत सुमारे ३७ लाख प्रवासी मोटारी तयार झाल्या. हिंदुस्थानातील मागणी त्या मानाने नगण्य होती. एवढ्या लहान बाजारपेठेत स्वतंत्र कारखाना परवडणार नाही, हा या योजनेवरील मुख्य आक्षेप होता. जुळणीवरच समाधान मानल्यास यंत्रज्ञान, कुशल कामगार आणि सुट्या भागांचे उद्योग देशात कधीच उभे राहणार नाहीत, ही वालचंद यांची भूमिका होती. अभियंते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनीही मोटारनिर्मितीची योजना तयार केली होती आणि दोघांनी एकत्र प्रयत्न केले.

१९३९ मध्ये वालचंद अमेरिकेस गेले. फोर्डशी झालेली बोलणी फिसकटली; हिंदुस्थानातील तिच्या व्यवसायाचे हक्क कॅनडातील फोर्ड कंपनीकडे होते. अखेर १९४० मध्ये क्रायस्लरशी करार झाला. त्यानुसार मालकी भारतीयांकडे राहून तंत्रज्ञान परदेशी कंपनीकडून मिळणार होते. मात्र मोटारनिर्मितीला युद्धोपयोगी उद्योग मानण्यास ब्रिटिश सरकारने नकार दिल्याने यंत्रसामग्री आणणे अशक्य झाले आणि कारखाना लांबणीवर पडला. दरम्यान १९४२ मध्ये बिर्ला समूहाने हिंदुस्तान मोटर्स स्थापन केली.

प्रीमियर ऑटोमोबाईल्स

१९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना झाली आणि १९४७ मध्ये कुर्ला येथून वाहने बाहेर पडू लागली. क्रायस्लरच्या डॉज, प्लिमथ व डिसोटो या नावांच्या मोटारी आणि मालमोटारी तेथे तयार होत. आरंभी बहुतेक भाग आयात करून जोडले जात. पुढे देशी भागांचे प्रमाण टप्प्याटप्प्याने वाढवण्यात आले. १९५१ मध्ये इटलीच्या फियाटशी करार झाला. १९५३ मध्ये सरकारने देशांतर्गत निर्मितीचा कार्यक्रम असलेल्या कंपन्यांनाच परवानगी देण्याचे धोरण स्वीकारले. त्यानंतर जनरल मोटर्स व फोर्ड यांनी येथील जुळणी बंद केली, तर प्रीमियर टिकून राहिली.

अखेरचा काळ

१९४९ मध्ये वालचंद यांना पक्षाघाताचा झटका आला आणि १९५० मध्ये ते व्यवसायातून निवृत्त झाले. पत्नी कस्तुरबाई यांनी अखेरपर्यंत त्यांची शुश्रूषा केली. पुढे ज्या मोटारीमुळे कुर्ल्याचा कारखाना घरोघरी माहीत झाला, ती फियाट ११०० तेथे तयार होऊ लागली तेव्हा वालचंद हयात नव्हते.

वारसा

फियाट ११०० चीच पुढची आवृत्ती १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने ओळखली गेली आणि मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीची ओळख बनली. परवाना पद्धतीमुळे उत्पादनावर मर्यादा होत्या. ग्राहकांना मोटारीसाठी अनेक वर्षे थांबावे लागे आणि कंपनीची विक्री जागतिक कंपन्यांच्या तुलनेत अत्यल्पच राहिली. १९८३ मध्ये मारुतीची मोटार बाजारात आल्यानंतर प्रीमियरचे स्थान घसरत गेले. जनरल मोटर्सने १९३१ पासून टिकवलेले जागतिक विक्रीतील पहिले स्थान २००८ मध्ये टोयोटाकडे गेले. वालचंद यांच्या काळात नगण्य मानली गेलेली भारतीय बाजारपेठ मात्र आज जगातील मोठ्या बाजारपेठांपैकी एक असून, २०२३-२४ मध्ये देशात ४० लाखांहून अधिक प्रवासी वाहने विकली गेली.

सांगली येथील वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयास त्यांचे नाव देण्यात आले आहे. गंगाधर देवराव खानोलकर यांनी त्यांचे मराठी चरित्र लिहिले आहे. २००४ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट प्रसिद्ध केले.