कुठला हुमाश घ्यावा? आज राशींना विचारूया



आज २९ तम्मूज. राशींची पुण्यतिथी. संध्याकाळी अव महिना लागेल.

गेल्या शब्बाथला तेफिला संपल्यावर एक मुलगी माझ्याजवळ आली. नुकतीच नोकरीला लागलेली. तिच्या आईचे वडील यंदा गेले. ते दर आठवड्याची पाराशा घरी मोठ्याने वाचायचे. आता घरात वाचणारं कुणी उरलं नाही, म्हणून तिने ठरवलंय की आपण वाचायचं. हिब्रू अक्षरं कळतात, अर्थ लागत नाही. तिने विचारलं, अर्थासकट एकच हुमाश घ्यायचा असेल तर कुठला घेऊ? पैसे एकाच पुस्तकापुरते आहेत.

मी लगेच उत्तर दिलं नाही, कारण या बाबतीत मी स्वतः फसलोय. काही वर्षांपूर्वी मी ऑनलाइन एक जाडजूड, सोनेरी कडांचा संच मागवला होता. फोटो बघूनच प्रेमात पडलो. खोका उघडला तर आत सगळं हिब्रू, बारीक टाइप, आणि टीका अशा वळणाच्या अक्षरात की एक ओळ वाचायला मला दहा मिनिटं लागली. तो संच दोन वर्षं कपाटात शोभेला होता. दर शब्बाथला त्याच्याकडे बघून अपराधी वाटायचं.

त्या मुलीचा प्रश्न घेऊन मी घरी आलो आणि राशींचं आयुष्य पुन्हा वाचलं. उत्तर तिथेच होतं असं मला वाटतं.

(लहानपणी राशी हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला राशीभविष्य आठवलं होतं, हे आधीच कबूल करतो. हे नाव म्हणजे रब्बी श्लोमो यित्झ्हाकी यातली पहिली अक्षरं.)

राशींचा जन्म १०४० सालचा, फ्रान्सच्या शॅम्पेन भागातल्या त्र्वा गावातला. व्यापाऱ्यांच्या जत्रा भरणारं गाव. ज्यूंची वस्ती छोटी. मोठं शिक्षण घ्यायचं तर ऱ्हाइन नदीकाठच्या माइन्त्स आणि वर्म्स या शहरांत जावं लागे. तरुण श्लोमो तिकडे गेले. माइन्त्सला रब्बी याकोव बेन याकार यांच्या पायाशी बसले. हे गुरू खुद्द रब्बेनू गेर्शोम यांचे शिष्य. पुढे वर्म्सलाही शिकले.

ते दिवस सोपे नव्हते. लग्न झालेलं होतं, घर दूर होतं. नंतर ते काळ आठवताना राशींनी लिहून ठेवलंय की तेव्हा पोटभर भाकरी नव्हती, अंगावर धड कपडे नव्हते आणि गळ्यात संसाराचं लोढणं होतं. आपल्याला वाटतं थोर माणसांना अभ्यासाला निवांत वेळ मिळाला असेल. तसं काही नव्हतं. ऑफिस, लोकल आणि घर यातून वेळ काढणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

पंचविशीच्या आसपास ते त्र्वाला परतले आणि १०७० च्या सुमारास तिथे येशिवा सुरू केली. आता शिकायला परदेशी जायची गरज उरली नाही, दूरदूरचे विद्यार्थी त्यांच्याकडे यायला लागले. परंपरा सांगते की पोटापाण्यासाठी ते द्राक्षमळे सांभाळायचे.

आणि मग त्यांनी ते काम केलं ज्यासाठी आपण आज त्यांची आठवण काढतो. तोरावर टीका लिहिली. तनाखच्या बहुतेक पुस्तकांवर लिहिली. बॅबिलोनी तालमूदच्या बहुतेक भागांवर लिहिली. सगळं हाताने, छपाई यायच्या जवळजवळ चारशे वर्षं आधी.

या टीकेची तऱ्हा बघा. राशी भाषण देत नाहीत. पासूक वाचताना जिथे आपण अडखळतो नेमकं तिथे ते थांबतात. एखादा शब्द जास्तीचा का आलाय? हे वाक्य आधी हवं होतं, नंतर का आलं? उत्तर दोन-चार शब्दांत देतात आणि पुढे जातात. बेरेशीतच्या तिसऱ्या अध्यायात त्यांनी आपलं धोरण सांगून टाकलंय: मिद्राश भरपूर आहेत, पण मी आलोय तो पासूकचा साधा अर्थ सांगायला, आणि मिद्राशातलं तेवढंच घ्यायला जे पासूकच्या शब्दांत नीट बसतं. म्हणजे मूळ शब्द मोठा, टीका त्याची चाकर.

अवघड हिब्रू शब्द आला, एखादं हत्यार, पक्षी, कापड, तर ते सरळ सांगतात की आपल्या बोलीत याला असं म्हणतात, आणि तो जुना फ्रेंच शब्द हिब्रू अक्षरांत लिहितात. असे हजारो शब्द त्यांच्या लिखाणात आहेत. आज जुन्या फ्रेंचचे अभ्यासक त्यांच्याकडे शब्द शोधायला येतात! राशींना घरात, बाजारात बोलतात ती भाषा पवित्र पुस्तकाच्या शेजारी ठेवायची लाज वाटली नाही.

इथे मला आपली माणसं आठवतात. १८४६ साली मुंबईत हग्गादा छापली गेली, हिब्रू आणि सोबत मराठी अर्थ. कोकणात पिढ्यान् पिढ्या आपल्या पूर्वजांकडे पुस्तक नव्हतं. शेमा आणि शब्बाथ धरून ते राहिले. शनिवार तेली हे नाव त्यातूनच पडलं. त्यांच्या नातवंडांना अर्थ मराठीत हातात मिळाला तेव्हा काय वाटलं असेल? आज आपल्यापुढे एवढी पुस्तकं आहेत की कुठलं घ्यावं हा प्रश्न पडतो. हा प्रश्न पडणं हीसुद्धा बराखा आहे.

राशींबद्दल मला सगळ्यात जास्त भावते ती आणखी एक गोष्ट. बेरेशीतच्या २८ व्या अध्यायात रिव्काला याकोव आणि एसावची आई म्हटलंय. हे तर आपल्याला आधीच माहीत आहे, मग पुन्हा कशाला सांगितलं? राशी तिथे लिहितात की यातून काय शिकायचं ते मला कळत नाही. गप्प राहून पुढे गेले असते तर कुणाच्या लक्षातही आलं नसतं. पण त्यांनी न कळल्याची नोंद केली. एवढा मोठा गुरू आपल्यासमोर म्हणतो की मला माहीत नाही, तेव्हा आपलीही भीती जाते.

राशींना मुली होत्या. योखेवेद, मिर्याम आणि राखेल. मुलगा असल्याची नोंद नाही. विद्या पुढे गेली ती मुलींच्या घरांतून. योखेवेदचे मुलगे राशबाम आणि रब्बेनू ताम पुढच्या पिढीचे दिग्गज झाले. गंमत म्हणजे हे नातू आजोबांच्या मतांशी वाद घालायचे. राशबामने स्वतःच्या टीकेत लिहून ठेवलंय की मी आजोबांसमोर माझं म्हणणं मांडलं, तेव्हा त्यांनी कबूल केलं की वेळ मिळाला असता तर रोज नव्याने उमगणाऱ्या साध्या अर्थाप्रमाणे मी पुन्हा नव्या टीका लिहिल्या असत्या. विचार करा. ज्यांची टीका पुढे नऊशे वर्षं वाचली जाणार होती, त्यांना स्वतःला ती पूर्ण झाली असं वाटत नव्हतं.

शेवटची वर्षं दुःखात गेली. १०९६ साली पहिल्या क्रुसेडच्या वेळी जमावांनी ऱ्हाइनकाठच्या ज्यू वस्त्या उद्ध्वस्त केल्या. वर्म्स आणि माइन्त्स, जिथे राशी शिकले होते, तिथे कत्तली झाल्या. काहींना जिवाच्या भीतीने धर्म बदलावा लागला. ते परत आले तेव्हा समाजात प्रश्न उठला, यांना जवळ करायचं का? राशींनी सांगितलं की त्यांना दूर लोटू नका, लाजवू नका. ज्यांची विद्यापीठं गेली त्या माणसाकडून हे उत्तर आलं.

११०५ साली, आजच्या तिथीला, ते गेले. वय पासष्टच्या आसपास. तालमूदच्या मक्कोत भागात एका पानावर त्यांची टीका मध्येच थांबते. तिथे एक छोटी नोंद आहे, की आमच्या गुरूंचं शरीर शुद्ध होतं, आत्मा शुद्धतेत निघून गेला, इथून पुढचे शब्द त्यांचे शिष्य यहुदा बेन नातान यांचे. हे शिष्य म्हणजे त्यांचे जावई. तालमूद उघडणारा माणूस आजही त्या ओळीपाशी येतो, क्षणभर थांबतो आणि पुढचं वाचू लागतो.

पुढची गोष्ट पुस्तकांची आहे. १४७५ साली इटलीतल्या रेज्जो दी कलाब्रिया इथे अव्राहाम बेन गार्तोन यांनी राशींची तोरावरची टीका छापली. छपाईचं साल नोंदवलेलं हे सगळ्यात जुनं हिब्रू पुस्तक. आणि त्यात तोरा नव्हती, नुसती टीका होती! मूळ तोरा दुसरीकडून उघडायची. १४८२ साली बोलोन्यात तोरा, ओन्केलोसचं अरामी भाषांतर आणि राशी असं तिन्ही एका पानावर आलं. मग व्हेनिसला दानिएल बोम्बेर्ग यांच्या छापखान्यात १५१६-१७ आणि १५२४-२५ मध्ये मिक्राओत गदोलोत निघाली. मध्ये तोरा, भोवती अनेक टीकाकार. माझ्या त्या सोनेरी संचाचा हा मूळपुरुष. आणि ज्या अक्षरांनी मला रडवलं ती राशी लिपी खुद्द राशींनी कधी वापरलीच नाही. छापखानेवाल्यांनी मूळ तोरा आणि टीका वेगळी दिसावी म्हणून स्पेनच्या ज्यूंच्या हस्ताक्षराचं वळण घेतलं आणि नाव राशींचं चिकटलं.

तर आता त्या मुलीला माझं उत्तर. राशींच्या आयुष्यातून तीन कसोट्या निघतात.

पहिली, मूळ पासूक समोर असला पाहिजे. हिब्रू स्वरचिन्हांसकट, ठळक. नुसत्या भाषांतराचं पुस्तक पहिलं म्हणून घेऊ नका.

दुसरी, अर्थ तुम्हाला कळणाऱ्या भाषेत हवा. राशींनी फ्रेंच वापरलं, आपल्यापैकी बऱ्याच जणांना इंग्रजी वापरावं लागेल. त्यात कमीपणा नाही.

तिसरी, कोण बोलतंय ते कळलं पाहिजे. हा राशींचा अर्थ, हा रामबानचा, हा संपादकाचा, हे ज्यात वेगळं दिसतं ते पुस्तक चांगलं. रामबान राशींना मान देतात आणि पानोपानी त्यांच्याशी वादही घालतात. तो वाद ऐकू आला पाहिजे.

या कसोट्यांवर काही पुस्तकं बघू. आर्टस्क्रोलचा स्टोन हुमाश (१९९३) रोजच्या वापराला सोयीचा आहे. हिब्रू, इंग्रजी आणि खाली अनेक टीकाकारांचं सार. त्यात राशी पूर्ण आहेत, पण हिब्रूत. राशी शब्दशः इंग्रजीतून शिकायचे तर त्याच प्रकाशकांची सॅपिरस्टीन आवृत्ती, पाच खंड. ब्रिटनचे मुख्य रब्बी हर्ट्झ यांचा हुमाश १९२९ ते १९३६ दरम्यान निघाला. इंग्रजी जुन्या वळणाची, पण विचार करायला लावणारा. इतिहास आणि भाषाशास्त्राच्या अंगाने वाचायचं असेल तर जेपीएसची पाच खंडांची टीका आहे, कॉन्झर्वेटिव्ह समाजाचा एत्झ हाईम (२००१) आहे. मिक्राओत गदोलोत मात्र हिब्रू पक्कं झाल्यावर. माझ्यासारखी घाई करू नका.

तिच्याकडे पैसे एका पुस्तकाचे आहेत, आणि पाच खंडांचा फायदा असा की ते सुटे घेता येतात. म्हणून मी तिला म्हटलं, राशींच्या अर्थासकट फक्त बेरेशीतचा खंड घे. सिमहात तोरानंतर पाराशांचं चक्र नव्याने सुरू होईल तेव्हा तो उघड. शमोतचा खंड हिवाळ्यात. वर्षभरात पाच होतील. तोपर्यंत आजोबांचं जुनं पुस्तक कपाटातून काढ. त्यांनी कुठे पेन्सिलने खूण केली असेल तर तिथे थांब. तो तुझ्या घरचा टीकाकार.

हे ऐकून तिचे डोळे भरले. म्हणाली की खुणा आहेत, खूप आहेत.

आज आपण सगळ्यांनी एवढंच करूया. या आठवड्याच्या पाराशातला एक पासूक घ्यायचा. टीका हाताने झाकायची. यात मला काय खटकतं, हे स्वतःला विचारायचं. मग हात काढून राशी वाचायचे. उत्तर मिळालं तर देवाचे आभार. नाही मिळालं तर राशींसारखं प्रामाणिकपणे म्हणायचं की मला कळलं नाही, आणि पुढच्या वर्षी पुन्हा यायचं.

हे देवा, ज्यांनी तुझे शब्द आमच्यासाठी सोपे केले त्यांचं पुण्य आमच्या पाठीशी असू दे. आमच्या घरांतलं वाचन थांबू देऊ नकोस. आमेन.

होदेश तोव!