दोन क्रांत्यांवर चालून गेलेला सेनापती

ब्रन्सविकचा ड्यूक कार्ल विल्हेल्म फर्डिनांड याचे नाव इतिहासात राहिले ते एका जाहीरनाम्यामुळे. आणि तो जाहीरनामा त्याने स्वतः लिहिलेलाही नव्हता.

९ ऑक्टोबर १७३५ रोजी वोल्फेनब्यूटल येथे जन्मलेला हा जर्मन राजपुत्र प्रशियाच्या फ्रेडरिक द ग्रेटचा भाचा. सप्तवार्षिक युद्धात त्याने तरुणपणीच लौकिक मिळवला. १७८० मध्ये गादीवर आल्यावर कर्जात बुडालेले संस्थान त्याने काटकसरीने सावरले. सुधारणावादी राज्यकर्ता अशी त्याची ख्याती झाली.

१७८७ मध्ये हॉलंडमधील देशभक्त पक्षाने तेथील वंशपरंपरागत सत्ताधीश पाचव्या विल्यमविरुद्ध उठाव केला होता. विल्यमची पत्नी प्रशियाच्या राजाची बहीण. बंडखोरांनी तिला वाटेत अडवले, एवढे निमित्त पुरले. ड्यूकच्या सैन्याने सप्टेंबरमध्ये सीमा ओलांडली आणि महिन्याभरात ॲम्स्टरडॅम शरण आले. क्रांती मोडणे सोपे असते, हा समज या विजयाने बळावला.

फ्रान्समध्येही नात्यागोत्याचा प्रश्न होताच. राणी मारी आंत्वानेत ऑस्ट्रियाच्या राजघराण्यातली होती. शिवाय अल्सासमधील जर्मन संस्थानिकांचे सरंजामी हक्क क्रांतीने बुडवले होते. परागंदा फ्रेंच उमराव ऱ्हाइनकाठी फौज जमवत होते. क्रांतीची लागण आपल्या प्रजेला होईल, ही धास्तीही होती. युद्ध मात्र आधी पुकारले फ्रान्सने, २० एप्रिल १७९२ रोजी, ऑस्ट्रियाविरुद्ध. प्रशियाने ऑस्ट्रियाला साथ दिली आणि सेनापतिपद ड्यूककडे आले. विशेष म्हणजे त्याच वर्षाच्या आरंभी फ्रेंचांनीही आपल्या सैन्याचे नेतृत्व त्याला देऊ केले होते. त्याने ते नाकारले होते.

२५ जुलैच्या जाहीरनाम्यात, राजघराण्याच्या केसाला धक्का लागल्यास पॅरिसवर सूड उगवण्याची धमकी होती. मसुदा परागंदा उमरावांच्या गोटातून आला. सही ड्यूकची होती. परिणाम नेमका उलटा झाला. राजाचे शत्रूशी संगनमत आहे, हा पॅरिसकरांचा संशय पक्का झाला. १० ऑगस्टला त्यांनी राजवाडा काबीज केला.

लाँग्वी आणि व्हर्दं ही ठाणी पडली. पण पाऊस, चिखल आणि हगवणीने प्रशियन सैन्य पोखरले. २० सप्टेंबरला व्हाल्मी येथे फ्रेंच तोफखान्यापुढे ड्यूकने हल्ला आवरता घेतला आणि पुढे माघार पत्करली. दुसऱ्याच दिवशी फ्रान्समधील राजेशाही रद्द झाली.

१४ ऑक्टोबर १८०६ रोजी, ७१ वर्षांचा ड्यूक आउअरश्टेटच्या लढाईत गोळी लागून दोन्ही डोळ्यांनी अंध झाला. फ्रेंच सैन्यापासून दूर नेत असताना, १० नोव्हेंबरला हॅम्बुर्गजवळ ओटेन्सन येथे तो निर्वासित म्हणून मरण पावला. वर्षभरात त्याचे संस्थानही नेपोलियनने निर्माण केलेल्या वेस्टफेलियाच्या राज्यात विलीन झाले. शेजारची आग विझवायला गेलेल्याचेच घर शेवटी तिच्यात गेले.